जास्तीचा ठिपका

माझ्या प्रोग्राममध्ये चाळीस मधमाश्या आहेत, म्हणजे स्क्रीनवरचे चाळीस पिवळे ठिपके. जागा पारखायची, चांगली निघाली तर बाकीच्यांना बोलवायचं, नाहीतर सोडून द्यायची, एवढंच मी त्यांना शिकवलंय. चाचणीसाठी आमच्याच घराचा नकाशा दिला. हीटर कुठे ठेवला तर घर लवकर उबदार होईल?

ठिपके एक्केचाळीस निघाले. जास्तीचा स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबून राहिला. कोड तीनदा तपासला, तरी तो हलेना.

आईला दाखवलं. भाजी चिरता चिरता ती थांबली.

"तुझ्या बाबांची खुर्ची तिथेच असायची. ते गेल्यावर मी माळ्यावर टाकली." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "काढून आण बाई. किती दिवस उभं ठेवायचं माणसाला?"

खुर्ची जागेवर ठेवली. दुपारी आई बाहेर गेल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी बसून प्रोग्राम पुन्हा चालवला. ठिपका खिडकीशीच होता.

आत स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

नकाशावर ठिपका दारातून बाहेर पडला, टेबलाला वळसा घालून माझ्या पाठीमागे येऊन थांबला. बाबा माझा अभ्यास असाच बघायचे, खांद्यावरून, न बोलता.

मी मागे वळले नाही. स्क्रीन जरा कलती केली, त्यांना नीट दिसावी म्हणून.