अब्बांचा कान

बाण सुटला की दोरी खणखणायची आणि धनुष्याचा झटका थेट माझ्या कोपरात जायचा. कोपर असंच दुखत राहिलं तर रविवारची निवड चाचणी हातची जाणार होती.

मिरजेत जन्मभर तंबोरे बनवलेल्या अब्बांनी धनुष्य मांडीवर घेतलं. तार बोलावी म्हणून तंबोऱ्याला लावतात तसा सुती दोरा सवयीने दोरीखाली सरकवला. छेडताच दोरी आणखीच घुमली.

“अब्बा, हिला गायचं नाहीये.”

ते विचारात पडले. “म्हणजे बाणाला न मिळालेलं बळच ओरडतंय. तेच तुझ्या हातात शिरतंय.”

त्यांनी दोरी उतरवून ती जरा आखूड व्हावी म्हणून सहा पीळ वाढवले, कंप शोषायला दोन्ही टोकांजवळ लोकरीचे गोंडे बांधले, दोरी परत चढवली आणि तार जुळवताना मिटतात तसे डोळे मिटले.

मी बाण सोडला. धनुष्य हातात शांत राहिलं.

अब्बांचे डोळे अजून मिटलेलेच. “सोडतेस ना?”

“केव्हाच सोडला, अब्बा.”