छातीत चार मिळव

"बोल," मास्तर म्हणाले. "सगळ्यांसमोर बोल. छाती छत्तीस. पुढे?"

टेबलावर परिचारिकांच्या गणवेशाचं निळं कापड पडलं होतं, सहा थर, आणि सहाही वाया गेलेले. पुढचा भाग साडेदहा इंच हवा होता, कापला गेला होता नऊ. शिवणीत धरायलासुद्धा कापड उरलं नव्हतं. काजं-बटणं सोडून ती कापणीच्या टेबलाशी उभी राहिली त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. दुकानात अजून तिला सगळे काजवालीच म्हणत.

"काजवालीनं बाहुल्यांचे कपडे कापलेत," इस्त्रीवाला म्हणाला. शिलाई यंत्रांवरचे दोघंतिघं हसले.

"छातीत चार मिळवायचे," ती म्हणाली. "चाळीस. निम्मे, वीस. त्यात तीन मिळवायचे. पुन्हा निम्मं करायचं. मग एक वजा."

"मग माती कुठं खाल्लीस?"

"तीन मिळवायचे राहिले."

"राहिले! सहा वर्षं काजं करता करता ही रीत घोकतेस आणि दर वेळी तुझं घोडं तिथंच पेंड खातं. उद्यापासून पुन्हा काजं कर. कात्री धरायला डोकं लागतं, ते तुझ्यापाशी नाही."

तिचे कान तापले. चूक तिचीच होती. पण ते तीन नेमके कुठं निसटले, एवढं तरी बघावं म्हणून तिनं खडू उचलला. काल संध्याकाळी सातवीतल्या मुलीच्या वहीत त्या दोघी मिळून बैजिक राशींना सरळ रूप देत बसल्या होत्या. "आई, आकडा माहीत नसला तरी अडत नाही," मुलगी म्हणाली होती, "त्याच्या जागी अक्षर लिहायचं." तिनं वाया गेलेल्या कापडावर छातीचा 'छ' काढला.

चार मिळवून निम्मं केलं, छातीचं निम्मं अधिक दोन. तीन मिळवले, अधिक पाच झाले. पुन्हा निम्मं केलं, छातीचा चौथा भाग अधिक अडीच. त्यातून एक गेला. खाली उरलं ते एवढंच:

छ/४ + १½

ती बघतच राहिली. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"मास्तर, हे काय आहे?"

"खडू ठेव खाली."

"छातीचा चौथा भाग आणि वर दीड इंच. संपलं! मग चार मिळव, तीन मिळव, एक काढ, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कुणी शिकू नये म्हणून? दोन दिवसांत कुणी तुमच्या शेजारी उभं राहू नये म्हणून? भांडी घासताना घोकलंय मी हे. चौथा भाग माझी पोरगी झोपेतसुद्धा काढेल. आणि मला म्हणता, डोकं नाही!"

यंत्रं थांबली. आता मास्तर दुकान डोक्यावर घेणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण त्यांनी चष्मा लावला आणि कापडावर ओणवे झाले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला हवं कुणी? इथं लिहिलंय."

"चाळीसला चुकेल."

"साडेअकरा."

मास्तरांनी बोटांवर आपल्या रीतीनं हिशेब केला. साडेअकराच आले.

"चौतीस?"

"दहा."

पुन्हा बोटं. पुन्हा दहा. त्यांचा चेहरा उतरत चाललेला तिनं पाहिला आणि तिच्या लक्षात आलं.

"तुम्हालाच ठाऊक नव्हतं?"

"अकरा वर्षं उस्तादांच्या घरी पाणी भरलं मी," मास्तर हळू म्हणाले. "खरोखरचं पाणी, खांद्यावरून. त्यांची पोरं खेळवली, त्यांच्या बायकोची बोलणी खाल्ली. मग एक दिवस दार लावून त्यांनी मला रीत दिली. वर शपथ घातली, कुणाला फुकट देऊ नकोस म्हणून." ते टेबलाला धरून उभे राहिले. "ते हसले होते तेव्हा. मला वाटलं, शिष्य तयार झाला म्हणून हसले."

इस्त्रीवाल्यानं मान वळवली. तिला मास्तरांची कीव आली, पण राग काही उतरला नाही.

"रीत त्यांची असेल," ती म्हणाली. "मला चारचौघांत बिनडोक म्हणणारं तोंड तुमचं होतं. उद्याही मी इथंच उभी राहणार. आणि चौथ्या भागानंच कापणार."

मास्तरांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांची नजर त्या एका ओळीवरून हलत नव्हती.

"कुठंतरी चुकेलच. साठ?" त्यांनी विचारलं.

"साडेसोळा."

"ऐंशी?"

"साडेएकवीस."

"ऐंशीच्या छातीला दोन माणसं एकत्र बांधावी लागतील मास्तर," इस्त्रीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

"शंभर," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

"साडेसव्वीस. विचारा अजून."

मास्तरांनी दोनशे विचारलं.