माळावरची रंगीत तालीम

तंबूची वाकलेली काठी सासूच्या हातात होती आणि काही केल्या ती सोडायला तयार नव्हती.

"आई, द्या इकडे. तुम्ही खुर्चीत बसा बघू."

"खुर्चीत बसायला एवढ्या लांब आले का मी?" सासू म्हणाली. "कुठल्या भोकात घालायची तेवढं सांग."

सुनेने सांगितलं. दुसरं काय करणार?

तंबूत राहायची ही सुनेचीही पहिलीच खेप. महिनाअखेरीस नवरा-बायको वर्षभरासाठी परदेशी निघणार होते. पाठीवर सॅक, मिळेल ती बस आणि जमेल तिथे मुक्काम. लग्नाआधीपासून सुनेच्या डोक्यात हेच होतं. त्याआधी शनिवार-रविवार शहराबाहेरच्या माळावर राहून बघू, काय काय विसरतं ते कळेल, असा तिचा बेत. बेत दोघांचाच होता. सासू ऐनवेळी गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन.

"तिलाही जरा हवापालट," एवढंच नवरा म्हणाला होता.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे. पण हल्ली घरात काय शिजतंय, याचा तिला पत्ता लागत नव्हता. ती खोलीत पाऊल टाकायचा अवकाश, मायलेकांचं बोलणं बंद. सासू डॉक्टरांकडे जाऊन आली, पुन्हा गेली. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, वय झालं आता." सोबत गेलेला नवराही तोंडात गुळणी धरून. वर तो एकाएकी घरकामात लक्ष घालायला लागला होता. वॉशिंग मशीन कसं लावतात, कुंड्यांना पाणी किती घालायचं. एवढीशी कामंही आता आईला झेपत नाहीत की काय? सुनेच्या मनात पाल चुकचुकली होती.

तंबू उभा राहिला. थोडा कलला होता, पण उभा होता. नवरा आत डोकावला, चेन लावून पाहिली आणि लगेच उघडून बाहेर आला.

"छान आहे," म्हणाला आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसला.

सासूचं मात्र सुरूच होतं. हा स्टोव्ह कसा पेटवतात? पाणी गाळायचं कशातून? स्लीपिंग बॅग गुंडाळून बघायची वेळ आली तेव्हा तिने सुनेला बाजूलाच सारलं. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात गेलेली. तिने गुडघा रोवून अशी काही वळकटी केली, की बॅग पिशवीत शिरून वर जागा उरली.

"तुझं गाठोडं बघ आणि माझं बघ," ती म्हणाली.

दुपारी टेकडीवर जायचं ठरलं, तर सासूने सुनेचीच भरलेली सॅक पाठीवर चढवली. अर्ध्या वाटेत तिला धाप लागली, चेहरा लालबुंद झाला.

"आई, हट्ट का करताय? द्या ना ती!"

"करून बघू दे गं," सासू दगडावर टेकत म्हणाली. "आत्ताच काय ते. नंतर वेळ कुठे मिळणार?"

सुनेने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघून बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

जेवणं झाल्यावर नवऱ्याने परस्पर जाहीर केलं, "मी गाडीत झोपतो. तुम्ही दोघी तंबूत झोपा." सुनेने डोळे मोठे केले, पण तो चादर घेऊन निघालासुद्धा. सासू पडल्या पडल्या घोरायला लागली. सून तेवढी कूस बदलत राहिली.

सकाळी ओढ्यावर भांडी घासताना तिने नवऱ्याला गाठलं.

"आईंना काय झालंय?"

"कुठे काय?"

"मला वेड्यात काढू नकोस. डॉक्टर काय म्हणाले?"

तो पातेलं घासत राहिला. "आई बोलणार आहे तुझ्याशी."

"आणि तुला तोंड नाही?"

"मला नाही जमत गं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की सुनेचा रागच विरला. एवढा मोठा माणूस रडायच्या बेतात होता.

ती तिथेच ओल्या दगडावर बसली. दुकानातली नोकरी सोडून झाली होती. तिच्या जागी नवी मुलगी आली होती. सगळ्यांचे निरोप घेऊन झाले होते. पण अशा अवस्थेत आईला एकटं टाकून जायचं? आणि हा बिचारा गप्प राहिला, तो कुणासाठी? बायकोचा हिरमोड होऊ नये म्हणूनच ना?

ती उठली आणि तडक तंबूपाशी गेली. सासू स्वतः पेटवलेल्या स्टोव्हवर चहा उकळत होती.

"आई, आम्ही जात नाही," सून एका दमात म्हणाली. "तुम्ही आजारी असताना मला कुठलाही देश बघायचा नाही. आधी तुम्ही बऱ्या व्हा. मग बघू."

सासू बघतच राहिली. "आजारी? मी?"

"लपवू नका आता. मला सगळं कळलंय."

सासू खो खो हसत सुटली. मागून नवरा पातेलं घेऊन येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"अजून सांगितलं नाहीस हिला?"

त्याने मान हलवली. "तूच सांग, आई."

सासूने स्टोव्ह बंद केला. सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"मला काही धाड भरलेली नाही. डॉक्टरांनी लस टोचली आणि प्रवासाला धडधाकट आहे म्हणून सांगितलं."

"प्रवासाला? तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्याबरोबर," सासू म्हणाली. "हा येत नाहीये, अगं. ह्याला घर सोडवत नाही. मी येतेय."