दहा ते सहाचं घर

"राहायला लायक नाही म्हणून तुम्ही लोकांनीच आम्हाला या इमारतीतून हाकललंत. आणि आता इथं माणसं राहतात असं दाखवायला तुम्हीच आम्हाला रोजावर आणून बसवलंत. जनाची नाही, मनाची तरी?"

लिफ्टवाल्यानं हे तोंडात जुळवलं, चावलं आणि गिळून टाकलं. दोन महिने तो रोज हेच गिळत होता. समोर मॅनेजर चष्मेवाल्या बाईंना खिडकीवरची लाकडी कमान दाखवत होता. आतल्या पलंगावर लिफ्टवाल्याची बायको झोपली होती. तिची झोप मोडू नये, एवढ्यासाठीच तो गप्प होता.

इमारत पूर्वी तारघर होती. गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राला लागून एक खोली होती. लिफ्ट चालवणाऱ्यासाठीच. तिथं या दोघांनी एकोणतीस वर्षं काढली. मग कागद आला : इमारत धोकादायक, मनुष्यवस्तीस अयोग्य. आठ दिवसांत खोली खाली झाली. ज्यांनी कागद धाडला त्यांनीच पुढं इमारत एका कंपनीला दिली. कंपनीनं दगड घासले, लाकूड चमकवलं, दारावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी ठोकली आणि आत आलिशान फ्लॅट काढले. जुन्या लिफ्टच्या पिंजऱ्यात एक कुंडी ठेवली.

फ्लॅट मात्र खपेनात. रिकाम्या घरात गिऱ्हाईक बिचकतं, असं कंपनीच्या मॅनेजरचं म्हणणं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर 'राहायला' एक नीटनेटकं म्हातारं जोडपं हवं होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रविवारीसुद्धा.

कपडे कंपनीचे. स्वतःच्या चपला खाली वॉचमनच्या खोलीत. भांड्यातली फळं मेणाची. संडास वापरायचा नाही, खाली जायचं. लिफ्टवाल्यानं खिडकीत पेपर धरून बसायचं. पेपर दोन महिने तोच.

"निदान पान तरी उलटा," बायको म्हणायची. "लोकांना वाटेल, बातमी पाठ करताय."

पहिल्या आठवड्यात ती नुसती खुर्चीत बसून असायची. एका दुपारी मात्र पलंगाच्या कडेला टेकली आणि तिथंच आडवी झाली. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. लिफ्टवाला तिला हलवायला उठला. पण आलेली माणसं दारातच थबकली, आवाज खाली करून बोलायला लागली आणि निघताना मागं वळून वळून बघत राहिली. मॅनेजर हुशार. त्या दिवसापासून झोप कामातच धरली गेली.

मॅनेजरनं त्यांना परदेशात एक मुलगाही दिला. त्याच्याकडे जायचंय म्हणून हे घर सोडताहेत, असं तो सांगायचा. खरं तर त्यांना मूलबाळ नव्हतं. हळूहळू मुलगा इंजिनिअर झाला, मग त्यानं बंगला बांधला, मग त्याला जुळं झालं.

"अहो, आपल्याला नातवंडं झाली," बसमध्ये बायको म्हणाली, "आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

दोघं हसले. मग ती गुडघे चोळत राहिली. आयुष्यभर लोकांना वरखाली पोचवणाऱ्याच्या बायकोला आता रोज चार मजले जिन्यानं चढावे लागत होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला परवडली ती खोली तेवढी उंच होती. रात्रभर तिचे पाय ठणकायचे. डोळा लागायचा तो फक्त इथं, दुपारी.

चष्मेवाल्या बाई आज तिसऱ्यांदा आल्या होत्या. तिन्ही वेळा दुपारीच. खोल्या त्या नावाला बघायच्या. पलंगापाशी येऊन मात्र बराच वेळ उभ्या राहायच्या.

"एवढाच फ्लॅट उरलाय. आज सही झाली की तुम्ही सुटलात, काका," मॅनेजर सकाळीच लिफ्टवाल्याला म्हणाला होता. "घरी आराम करा आता."

त्यानं ते बायकोला सांगितलं नव्हतं. आजच्या दिवसाची तरी झोप मिळू दे.

बाईंनी सही केली. "उद्या सकाळी ताबा घेते," म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. बायकोनं डोळे उघडले.

"माफ करा आजी, उठवलं. मला सहा वर्षं गोळीशिवाय झोप नाही. तुम्हाला इथं इतकी गाढ कशी लागते हो?"

"जुन्या भिंती, मॅडम," मॅनेजर मध्येच म्हणाला. "दीड हात जाड. बाहेरचा आवाजच येत नाही."

"भिंतींचं काही नाही, बाई." बायको पडूनच बोलली. "रात्रभर गुडघे झोपू देत नाहीत. सकाळी चार मजले उतरायचे, दोन बस बदलायच्या, इथं यायचं. याला झोपणं नाही म्हणत. कोसळणं म्हणतात."

बाई गोंधळल्या. "बस? कुठून येता? तुम्ही इथंच राहता ना?"

मॅनेजर हसला. घाईघाईनं, नको तेवढा. "वय झालंय, मॅडम. काकू झोपेत बरळतात."

लिफ्टवाल्यानं पेपर खाली ठेवला.

"ती जागी आहे, साहेब," तो म्हणाला. "चांगली टक्क जागी आहे."

मॅनेजर पुढं झाला, वाकला, गोड आवाजात म्हणाला, "चला काकू, उठा आता. मॅडमना घर बघू दे."

बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. मग तिनं कंपनीची पांढरीशुभ्र चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"उद्या दुपारी मी कुठं पडायचं, ते सांगा," ती म्हणाली. "सांगेपर्यंत मी उठत नाही."