मोरीतल्या मुंग्या

परळच्या दवाखान्यात माझ्या मुलीच्या डायबेटिसचा कागद भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात आधी कुणाला होता? लहानपणीच्या या आजाराचा धोका रक्तातून येऊ शकतो.” “नाही,” माझे वडील, आबा, म्हणाले. बाईंनी ‘नाही’ लिहिलं. आबा पुढे बोलले, “आमची लेक बकुळा, याची बहीण, सहाव्या वर्षी गेली, पण ती उपासमारीनं. गिरणीचा संप होता. ही म्हणत होती, कामावर परत जावा. मी गेलो नाही. पोट भरायला पोरगी नुसतं पाणी प्यायची, अख्खी कळशी. वाळून गेली. ते पाप माझ्या माथी.” “तेव्हा घरात साखरेचा दाणा नव्हता,” आई म्हणाली, “तरी बकुळा लघवीला बसायची त्या मोरीत मुंग्या लागायच्या. ती गेली, मुंग्या थांबल्या.” “म्हणजे भुकेनं नाही?” आबांनी विचारलं. “हाच आजार असावा, आजोबा.” बाईंनी ‘नाही’ खोडून वर लिहिलं, ‘आत्या’.