नदीत उतरायची परवानगी

"साहेब, धरणातून सोडलेलं पाणी अकराला बंद करतात. आधी शर्यत सुरू करू या ना," हेमांगीने पुन्हा विनवलं. अध्यक्षांनी कौतुकाने मान डोलावली आणि आणखी एका पाहुण्याच्या खांद्यावर शाल टाकली.

इतकी वर्षं ती कुंपणाखालून आपली कयाक, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, सरकवून चोरून नदीत उतरायची. पकडली गेली तर दंड, नाहीतर फेसाळतं पाणी. अखेर कोर्टात भांडून तिने काठावरची वाट सगळ्यांसाठी खुली करून घेतली. आजची ही पहिली अधिकृत शर्यत.

नारळ फुटला. 'नदी सर्वांची' या विषयावर सगळेच भरभरून बोलले. हिरवा झेंडा फडकला, तेव्हा पात्रात नुसते धोंडे उरले होते.

"मॅडम, जरा वल्हं मारल्यासारखं करा," फोटोग्राफर म्हणाला.

धोंड्यांवर टेकलेल्या कयाकमध्ये बसून हेमांगीने हवेतच वल्हं मारलं. अगदी कायदेशीरपणे.