उघडायची गाडी
दादानं आणि मी मिळून ती गाडी घेतली, तेव्हा तिच्या इंजिनात उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं. जुनी अमेरिकन, टप मागे दुमडणारी, आठ सिलिंडरची; तसल्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. दादा जन्मभर मेकॅनिक, मी धाकटा त्याच्याच हाताखाली शिकलेला. वर्षभरातच दादा गोष्टी विसरायला लागला. सकाळी मी बसवलेलं तो दुपारी येऊन खोलून ठेवायचा. कार्ब्युरेटर तर मी सात वेळा बसवला. "अरे दादा, हे झालंय काल!" असं ओरडलो, की तो शांतपणे म्हणायचा, "बघू तर दे काय बिघडलंय." आज मात्र माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातला पाना हिसकावून मी त्याला बाहेर खुर्चीत बसवलं आणि गॅरेजला आतून कडी लावली. संध्याकाळपर्यंत सगळं जोडून गाडी सुरू केली. टप झोकात मागे गेला, पण इंजिनातली ती बारीक टकटक तशीच होती. महिनाभर तिनं मला छळलं होतं. मी वैतागून स्टिअरिंगवर मूठ आपटली. तेवढ्यात बाहेरून दादा ओरडला, "पाचव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे!" बॉनेट उघडून, झाकण काढून तपासलं. पाचव्याचाच होता. मला हसावं की रडावं कळेना. मी कडी काढली. गाडीभोवती एक फेरी मारून दादा म्हणाला, "झकास आहे रे. कुणाची?" "आपलीच, दादा," मी म्हणालो, तोवर बाह्या सरसावून तो इंजिनावर वाकलासुद्धा होता.